माल नेमका कुठल्या डोंगरावरचा? वेलचीच्या व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
हिरव्या वेलचीचे आयातदार, घाऊक व्यापारी आणि मसाले उद्योजक,
वाशी, पुणे, नागपूर, आणि दुबईच्या बाजारात बस्तान बसवलेली आपली मराठी मंडळी

सप्रेम नमस्कार.

वेलचीतलं तुम्हाला काही शिकवावं अशी माझी पात्रता नाही. मूठभर माल तळहातावर घेतला की तो सात मिलीमीटरच्या वरचा की खालचा, भट्टीत जास्त तापलाय की उन्हानं पिवळा पडलाय, फुटलेली बोंडं किती निघतील, हे तुमच्यापैकी अनेक जण बघताक्षणी सांगतात. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर उभं राहून मी हे पाहिलं आहे. त्याच गाळ्यावर मी विचारलं, "हा माल कुठला?" उत्तर आलं, "ग्वाटेमाला." मी म्हटलं, "ग्वाटेमालात कुठला?" शेठ हसले. "मॅडम, ग्वाटेमाला म्हणजे ग्वाटेमाला. इडुक्कीचा हवा असेल तर तो वेगळा, त्याचा भाव वेगळा."

माझ्या त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी उभयचर प्राण्यांची अभ्यासक. सुरुवात सिंधुदुर्गात बेडूक आणि देवगांडुळांपासून झाली, पुढे कामाच्या निमित्तानं मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगरी जंगलांत सॅलॅमँडर नावाचे उभयचर शोधणाऱ्या लोकांबरोबर फिरायला मिळालं. जंगलाच्या कडेनं चढताना वेलचीचे ताटवे लागायचे. आपल्या श्रीखंडातली, मोदकातली, कोजागिरीच्या दुधातली वेलची. हिचं मूळ घर सह्याद्रीचं दक्षिणेकडचं अंग, पण आज जगात सर्वांत जास्त वेलची निर्यात होते ती ग्वाटेमालातून. हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या ताटव्यांच्या वरच्या बाजूला जे जंगल उरलं आहे त्यात कोण राहतं, हे बहुधा ठाऊक नसेल. आधी त्याबद्दल थोडं सांगते.

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. भारतात त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रजाती आहेत, त्याही पूर्व हिमालयात आणि ईशान्येत. दार्जिलिंगला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या गाड्या ज्या जोरपोखरीवरून पुढे जातात, तिथं १९८५ साली खास त्याच्यासाठी अभयारण्य केलेलं आहे. कुणी थांबत नाही, तो भाग वेगळा. दिसायला पालीच्या अंगलटीचा, पण अंगावर खवले नाहीत, बोटांना नखं नाहीत. गोत बेडकाचं. ग्वाटेमाला आकारानं महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि तिथं सॅलॅमँडरच्या ६०च्या वर प्रजाती आहेत.

त्या सगळ्या एकाच कुळातल्या आणि त्या कुळाचं वैशिष्ट्य असं की त्यांना फुप्फुसंच नसतात. श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी ओली असेल तोवरच प्राणवायू आत जातो, कोरडी पडली की कारभार आटोपला. शिवाय तिथल्या प्रजाती पाण्यात अंडी घालत नाहीत. ओलसर लाकडाखाली किंवा शेवाळात अंडी घालतात आणि त्यातून थेट इवलासा सॅलॅमँडर बाहेर येतो, मधली माशासारखी पोहणारी अवस्थाच नाही. त्यामुळे यांना तळं लागत नाही, ओढा लागत नाही. लागतं ते कायम दमट राहणारं जंगल, कुजणारे ओंडके, झाडांवरचं शेवाळ आणि ढग. चपळाईत मात्र कमी नाहीत. बोलिटोग्लोसा गटातला सॅलॅमँडर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात जीभ बाहेर फेकून किडा टिपतो. अंगाचा एरवीचा संथपणा पाहिला तर यावर विश्वास बसत नाही.

हे प्राणी शोधायचे कसे? पावसाळ्यात, मे ते ऑक्टोबर, रात्री. पाऊस नुकताच थांबलेला असावा आणि धुकं उतरलेलं असावं. डोक्याला दिवा बांधून पायवाटेनं अगदी हळू चालायचं आणि छातीच्या उंचीपर्यंतचं पान न् पान बघत जायचं. सॅलॅमँडरचे डोळे बेडकासारखे लांबून चमकत नाहीत. पानाच्या शिरेवर एक जाडसर रेघ दिसते, ती रेघ आहे की प्राणी हे जवळ गेल्यावर कळतं, आणि दहांतल्या नऊ वेळा ती काडी असते. दिवसा काम वेगळं. ओंडके उलटायचे, सैल साल उचलून बघायची, रस्त्याच्या दरडीवरचं शेवाळ बोटांनी चाचपायचं. ब्रोमेलियाड नावाची अननसाच्या कुळातली झाडं तिथं मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. त्या बेचक्यांत दिवसभर दडून बसणाऱ्या प्रजाती आहेत. बेचकं फाकवायचं, आत बघायचं, झाड न मोडता पुन्हा मिटवायचं. ओंडका उलटला तर तो जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालची ओल तयार व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात. हा नियम न पाळणाऱ्याला आमच्यात फार वाईट बोलणी बसतात.

प्राणी सापडला की हातमोजे घालून उचलायचा. प्रत्येक प्राण्याला नवे हातमोजे. पोटावरून आणि पायांवरून कापसाची काडी फिरवून घ्यायची, ती कातडीवरच्या बुरशीच्या तपासणीसाठी जाते. मापं, फोटो, उंची, तापमान, आणि जिथून उचलला तिथंच सोडायचा. डोंगर बदलताना बूट निर्जंतुक करायचे. काही सापडलं नाही तर तीही नोंद करायची: किती माणसं, किती तास, कुठल्या उंचीवर, हवा कशी. रिकाम्या रात्रीची नोंद जितकी काटेकोर, तितकी ती पुढं कामाला येते. बाहेरून आलेल्या अभ्यासकांपेक्षा त्या गावचा माणूस जास्त प्राणी शोधतो, हेही इथंच सांगून टाकते. पदव्या असलेल्यांना हे मान्य करायला जरा जड जातं.

आता एका प्राण्याची हकिगत. ग्वाटेमालाच्या वायव्येला, मेक्सिकोच्या सीमेजवळ, कुचुमातानेस नावाची पर्वतरांग आहे. १९७५ मध्ये जेरेमी जॅक्सन आणि पॉल इलायस हे दोन तरुण अमेरिकन तिथं सॅलॅमँडर शोधत होते. त्यांना पिवळाधमक, पाठीवर गडद पट्टा असलेला, कुणीच कधी न पाहिलेला प्राणी सापडला. पुढं १९८४ मध्ये इलायसनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मित्राच्या नावावरून नाव ठेवलं, बोलिटोग्लोसा जॅक्सोनी. नमुने दोनच होते आणि त्यांतला एक कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेतून चोरीला गेला. मेलेला सॅलॅमँडर चोरून कुणाला काय मिळालं असेल, देव जाणे.

त्यानंतर तो प्राणी दिसलाच नाही. सुरुवातीला शोधायला जाणंच शक्य नव्हतं. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चालू होतं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच डोंगराळ प्रदेशात लष्करानं माया लोकांची गावंच्या गावं कापून काढली. शांतता आल्यावर ग्वाटेमालाचे संशोधक कार्लोस वास्केस आल्मासान आणि त्यांचे सहकारी या रांगेत पुन्हा पुन्हा जात राहिले. याच रांगेतल्या दुसऱ्या दोन प्रजाती, ज्या तीस वर्षांहून अधिक काळ कुणी पाहिल्या नव्हत्या, त्या त्यांना परत सापडल्या. जॅक्सनचा पिवळा काही सापडला नाही. २०१४ मध्ये खुद्द जॅक्सन आणि इलायस, आता पिकल्या केसांचे, मोहिमेबरोबर परत गेले. तरीही नाही.

पण त्या येण्याजाण्यातून एक गोष्ट साधली. बारियास गावाजवळचं, जिथं या प्रजाती राहतात ते जंगल कॉफीच्या लागवडीसाठी जाण्याच्या बेतात होतं. स्थानिक संस्था फुंदाएको आणि परदेशी संस्थांनी मिळून पैसे उभे केले आणि २०१५ मध्ये सुमारे २,००० एकर जंगल विकत घेऊन राखीव केलं. याल उनिन युल विट्स असं त्याचं नाव. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या राखीव जंगलाचा राखणदार गस्त घालताना हद्दीजवळ जेवायला थांबला आणि त्याला एक पिवळं पिल्लू दिसलं. त्यानं फोटो पाठवला, ओळख पटली. ४२ वर्षांनी. पूर्वीचे नमुने ज्या उंचीवर मिळाले होते, तिथून सुमारे ३०० मीटर वर. म्हणजे मोठमोठ्या मोहिमा शोधत होत्या ती उंची चुकीची होती, हा भाग आहेच. मला महत्त्वाचं वाटतं ते त्या दोन वर्षांचं अंतर. जंगल २०१५ मध्ये वाचलं, प्राणी २०१७ मध्ये सापडला. क्रम उलटा करून बघा. प्राणी सापडेपर्यंत थांबू, मग जंगलाचं बघू, असं कुणी म्हटलं असतं तर राखणदार नसता, ते पिल्लू नसतं आणि आज आपण त्या प्रजातीच्या नावापुढे "बहुधा नामशेष" असं लिहून मोकळे झालो असतो.

शोधाचा वेग आणि लागवडीचा वेग यांत हा असा फरक आहे. कोरड्या महिन्यांत सॅलॅमँडर जमिनीच्या भेगांत, मुळांच्या पोकळीत उतरतो आणि कितीही शोधलं तरी हाताला लागत नाही. "इथं तो नाही" असं ठामपणे म्हणायला अनेक पावसाळे लागतात. उतारावरची झाडं तोडून रोपं लावायला एक हंगाम पुरतो.

आणि या डोंगरांत जागेचा हिशेब फार तंग असतो. डॅनियल जान्झेन या शास्त्रज्ञानं १९६७ मध्ये मांडलं की उष्ण कटिबंधात डोंगराच्या एका उंचीवर वर्षभर तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे तिथला प्राणी त्या एका पट्ट्यालाच सरावतो. खालची ऊब आणि वरचा गारठा दोन्ही त्याला सोसत नाहीत. सॅलॅमँडरच्या बाबतीत हे अगदी नेमकं लागू पडतं. सॅलॅमँडरचे अभ्यासक डेव्हिड वेक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकात ग्वाटेमालाच्या पश्चिमेला सान मार्कोस भागात ज्वालामुखीच्या उतारावर खालपासून वरपर्यंत नोंदी केल्या. चाळीच्या मजल्यांप्रमाणे एकेका उंचीला वेगवेगळी बिऱ्हाडं निघाली. अशा चाळीतला एखादा मजला पाडला की तिथले भाडेकरू वर किंवा खाली सरकत नाहीत, ते संपतात. आपल्याकडे आंबोली टोडचं तसंच आहे. २००९ मध्ये शास्त्रीय ओळख मिळालेला हा प्राणी आंबोली परिसराच्या बाहेर कुठं फारसा नाही, त्यामुळे तिथल्या एखाद्या सड्यावर काय होतं यावर जगभरातल्या त्या प्रजातीचं बरंवाईट ठरतं.

वेलची येते ती नेमकी अशाच एका मजल्यावर. तिला ऊन सोसत नाही, पाऊस भरपूर लागतो, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते १,५०० मीटर उंची मानवते. ढगांच्या जंगलाचा, म्हणजे ढगांच्या ओलीवर जगणाऱ्या डोंगरी जंगलाचा, खालचा काठ तो हाच.

ती तिथं पोचली कशी, हे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी जातो. आल्ता वेरापास हा ग्वाटेमालातला केक्ची माया लोकांचा प्रदेश. १८७१ नंतरच्या सरकारांनी गावांच्या सामायिक जमिनी कॉफीच्या मळेवाल्यांना मोकळ्या करून दिल्या. त्यांत जर्मन पुष्कळ होते. खालच्या सुपीक जमिनी मळ्यांनी घेतल्या, केक्ची कुटुंबं मळ्यावर वेठीला धरली गेली किंवा उतारावर वर सरकली. १९१४च्या सुमारास तिथल्या कोबान शहराजवळच्या ऑस्कर मायुस क्लोफर या जर्मन मळेवाल्यानं वेलची आणून लावली. आधी ते मळ्यांचं पीक होतं, मग हळूहळू लहान शेतकऱ्यांचं झालं, कारण ती हलकी असते. रस्ता नसलेल्या गावातून मक्याचं पोतं पाठीवर आणून विकणं परवडत नाही, वेलचीचं परवडतं. गंमत म्हणजे पिकवणाऱ्या घरांत वेलची कुणी खात नाही. तमाले या मक्याच्या पदार्थात नाही, कॉफीत नाही. मी एका घरी चहात घालून दिली तर आजीबाईंनी औषध समजून एका घोटात संपवला. तिथं वेलची हा निव्वळ पैसा आहे, आणि तो अरबस्तानच्या कॉफीतून आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातून येतो.

वेलचीची बाजू घेऊनही बोलायला हवं. मका किंवा गुरांची कुरणं यांच्या तुलनेत ती पुष्कळ बरी. तिला सावली लागते म्हणून मोठी झाडं काही प्रमाणात ठेवली जातात. लांबून बघणाऱ्याला ते जंगलच वाटतं, उपग्रहाच्या चित्रातही अनेकदा जंगलच दिसतं. आत शिरलं की फरक कळतो. खालची झुडपं साफ केलेली असतात, सावली विरळ केलेली असते, ऊन जमिनीपर्यंत उतरतं, वारा खेळतो. माणसाला ते छान वाटतं. फुप्फुसं नसलेल्या प्राण्याला मात्र त्या वाऱ्यात तास काढणं कठीण.

पण माझ्या मते खरी गोम शेतात नाही, भट्टीत आहे. तोडणीनंतर बोंडं लगेच वाळवावी लागतात, नाहीतर हिरवा रंग जातो, आणि रंग गेला की तुम्ही भाव पाडता. साधारण चार-पाच किलो ओल्या बोंडांची एक किलो सुकी वेलची होते. उरलेलं सगळं पाणी आहे आणि ते घालवायला दीड-दोन दिवस भट्टी पेटती ठेवावी लागते. ग्वाटेमालातल्या बहुतेक भट्ट्या लाकडावर चालतात. हे लाकूड येतं आसपासच्या डोंगरावरून. उभं झाड तोडायला परवाना लागतो, कुणी बघितलं तर विचारतो. पडलेला ओंडका उचलला तर कुणी विचारत नाही. जंगल कागदावर शाबूत राहतं, झाडं मोजली तर तेवढीच भरतात आणि सॅलॅमँडर दिवसा जिथं राहतो, अंडी घालतो, तो कुजका ओंडका भट्टीत गेलेला असतो. भट्टीच्या बाजूला रचलेल्या लाकडांच्या चळतीत शेवाळलेले तुकडे बघितले की आमच्यातली माणसं सवयीनं ते उचलून खाली बघतात. लहान शेतकऱ्याकडे स्वतःची भट्टी क्वचितच असते. तो ओला माल गावात येणाऱ्या दलालाला, तिथं त्याला कोयोते म्हणतात, मिळेल त्या भावानं देतो. म्हणजे सरपणाचा निर्णय शेतकऱ्याचा नाहीच. तो वाळवणाऱ्याचा आणि पुढं निर्यातदाराचा आहे. निर्यातदार तुमचं ऐकतो.

सगळं खापर वेलचीवर फोडते आहे असं वाटू नये म्हणून हेही लिहिते. सान मार्कोसच्या त्याच उतारावर अभ्यासक तीसेक वर्षांनी परत गेले. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकेकाळी तिथं सर्रास दिसणाऱ्या दोन प्रजातींचा एकही प्राणी मिळाला नाही, आणि जिथं जंगल बऱ्यापैकी शाबूत होतं तिथंही घट दिसली. २०११ मध्ये जुन्या संग्रहालयांतले नमुने तपासून दाखवलं गेलं की ही घट आणि कातडीवर वाढणारी एक बुरशी त्या भागात येण्याचा काळ जुळतो. सह्याद्रीतल्या बेडकांवरही तीच बुरशी आढळली आहे. त्यात भर हवामानाची. हवा तापली की ढगांचा तळ वर सरकतो. बुरशी आणि ढग यांवर तुमचा काही इलाज नाही, माझाही नाही. पण बुरशीतून जे थोडे प्राणी तगतात त्यांना सावरायला ओलसर, सलग जंगल लागतं. ज्या कारणावर कुणाचा तरी हात पोचतो असं एकच कारण यात आहे आणि त्यावर हात तुमचा पोचतो.

युरोपीय संघानं २०२३ मध्ये एक कायदा केला. जंगलतोड करून पिकवलेला माल त्यांच्या बाजारात येऊ द्यायचा नाही. गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड अशा सात गोष्टी त्यात आहेत. अंमलबजावणी पुढं पुढं ढकलली जाते आहे, तरी कॉफीच्या निर्यातदारांना शेताची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवायची तयारी करावी लागली. वेलची त्या यादीत नाही. एका अर्थी ते साहजिकच आहे, युरोप वेलची खातो किती? खातात अरब आणि आपण. म्हणजे एकाच डोंगरावर, शेजारशेजारच्या दोन वावरांत, कॉफीवाल्याला त्याची जमीन कुठं आहे हे सांगावं लागणार आणि वेलचीवाल्याला कुणी काही विचारणार नाही. उद्या एखाद्यानं जंगल तोडून कॉफी लावली तर ती अडकेल, वेलची लावली तर सहज खपेल. अशानं नवी लागवड कुठल्या पिकाची होईल हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

माझी मागणी बहिष्काराची नाही, हे स्पष्ट करते. ग्वाटेमालाची वेलची घेणं तुम्ही बंद केलंत तर केक्ची शेतकरी जंगल पुन्हा वाढवणार नाही. तो मका लावेल किंवा जमीन गुरंवाल्याला विकून शहरात नाहीतर उत्तरेला अमेरिकेच्या सीमेकडे निघेल. कुरणात सॅलॅमँडर नसतो. मागणी एवढीच की विचारा. खरेदीच्या वेळी रंग, आकार आणि ओलाव्याबरोबर आणखी दोन गोष्टींची माहिती मागा. माल कुठल्या मुनिसिपालिटीतल्या (तिथला आपल्या तालुक्यासारखा विभाग), किती उंचीवरच्या वावरांतून गोळा झाला, आणि तो कशावर वाळवला. दुसरा प्रश्न मी आग्रहानं पुढं ठेवते, कारण त्याचं उत्तर लपवणं कठीण आणि बदलणं शक्य आहे. कमी सरपण खाणाऱ्या भट्ट्या बांधता येतात, पिकाचा पालापाचोळा आणि कॉफीची टरफलं जाळता येतात, लागवडीच्या सरपणावर भट्टी चालवता येते. यात खर्च आहे. वाळवणारा तो एकट्यानं करणार नाही, पण पुढच्या तीन हंगामांची खरेदी पक्की असेल तर करेल. आज एका वर्षी भाव चढले की सगळे रोपं लावत सुटतात, पडले की तोडतात, आणि प्रत्येक तेजीत जंगलाची कड थोडी वर सरकते. तेजी-मंदीवरच धंदा चालतो, हे मला कळतं. तरी तुमच्यातल्या मोठ्या खरेदीदारांना थोड्या मालापुरता तरी ठरलेल्या भावाचा करार करता येईल.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, आम्ही तर छोटे, अरब मोठे. खरं आहे. पण दुबईतून होणाऱ्या उलाढालीत आपली माणसं किती आहेत हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. दुसरा, गिऱ्हाईक विचारत नाही तर आम्ही का विचारायचं? गिऱ्हाईक हापूसबद्दल एकेकाळी विचारत नव्हतं. आज देवगड की रत्नागिरी की कर्नाटक यावर भांडणं होतात, भौगोलिक मानांकनाचा शिक्का बघितला जातो आणि त्या शिक्क्याचे पैसे मिळतात. वेलचीतही अलेप्पी ग्रीन म्हटलं की भाव वेगळा लागतोच. तिसरा आक्षेप तुम्ही तोंडावर बोलत नाही, पण मनात असतो: एका पालीसारख्या प्राण्यासाठी एवढं? याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. तो प्राणी तुमच्या कामाचा नाही. त्याच्या कातडीतून औषध निघेल वगैरे मी सांगणार नाही. ज्या ढगांच्या जंगलात तो राहतो तिथून खालच्या गावांचं पाणी येतं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एटा वादळात आल्ता वेरापासमधलं केहा हे गाव डोंगर कोसळून गाडलं गेलं, एवढं मात्र सांगते. उघड्या उतारावर जंगल नसण्याची किंमत माणसंही मोजतात. पण सॅलॅमँडरला त्याच्या उपयुक्ततेवर जगण्याचा हक्क मिळावा असं मला वाटत नाही.

एक शेवटची गोष्ट शोधाबद्दल, आणि यात थोडे पैसे लागतील. वेलचीच्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला अजून असे कितीतरी उतार आहेत जिथं दिवा घेऊन कुणी चाललेलंच नाही. तिथं काय आहे हे लागवडीच्या आधी कळायचं असेल तर परदेशी मोहिमांची वाट बघून चालणार नाही. त्या गावातली दोन-चार माणसं शिकवून, त्यांना पावसाळाभर रोजंदारी देऊन, रात्री चालायला लावणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. बारियासचा राखणदार हे त्याचं उदाहरण. काम कुठल्या स्थानिक संस्थेच्या हाती द्यायचं ते ग्वाटेमालातल्या संशोधकांना विचारून ठरवता येईल. तुमच्या संघटनेनं वर्षाच्या उलाढालीतून याला नाव देऊन काही रक्कम बाजूला काढली तर ती कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही इतकी लहान असेल. देवस्थानांना तुम्ही देता त्याच्याशी तुलना करत नाही, तो विषय वेगळा.

ग्वाटेमालात तोडणी सुरू व्हायला फार दिवस नाहीत. शरद ऋतूपासून पुढचे पाच-सहा महिने माल येत राहील. पहिल्याच खेपेला सगळी उत्तरं मिळतील अशी माझी अपेक्षा नाही. कोबानच्या निर्यातदाराकडून "विविध शेतकरी, आल्ता वेरापास" असं एका ओळीचं उत्तर येईल. ते फाईलला लावून ठेवा आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्याच ओळीवर बोट ठेवून पुन्हा विचारा. उंचीच्या आणि सरपणाच्या रकान्यांसह प्रश्नांचा स्पॅनिश मसुदा मी तयार करून ठेवला आहे, कुणालाही हवा असेल तर विनामूल्य देईन.

कळावे,
आपली,
सिंधुदुर्गातली एक उभयचर अभ्यासक